फियाट, फडकं आणि थर्मोडायनॅमिक्स

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली. पेपरात फोटो आले, लोक हळहळले. पण त्या टॅक्सीबरोबर एक शाळाही बंद झाली, तिच्याबद्दल फार कुणी लिहिलं नाही. ही गाडी रस्त्याच्या कडेला, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हरवर चालू करणारे हजारो हात टॅक्सीमुळे तयार झाले होते. टॅक्सी होती म्हणून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे मालाला गिऱ्हाईक होतं. आता ज्याच्या घरी खासगी पद्मिनी आहे, त्याला स्वतःच बाह्या सरसावाव्या लागतात.

लालबागला आमच्या काकांकडे अशी एक आहे, १९८८ सालची. हॉस्टेलमधला जो कोणी ती बघतो तो पहिला प्रश्न विचारतो, "डबल कार्बोरेटर लावूया का रे?" प्रश्न अगदीच वेडा नाही. हिचं मूळ इटलीतली फियाट ११००. १९५३ साली तिची 'तुरिस्मो व्हेलोचे' नावाची जास्त ताकदीची आवृत्ती निघाली होती, आणि आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फेरफार केलेल्या फियाट शर्यतीत पळत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीचं इंजिन त्याच घराण्यातलं: बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, चार सिलिंडर. गुणाकार करून बघा, १०८९ सीसी येतं. पण माझं म्हणणं असं की ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी परळच्या सिग्नलला बंद पडणारी गाडी आधी बंद पडायची थांबली पाहिजे. वेगाचं नंतर बघू.

या रोगाचं नाव व्हेपर लॉक. पेट्रोलची टाकी मागे, पंप पुढे इंजिनाला बोल्टने जोडलेला. कॅमशाफ्टवर चालणारा हा डायफ्राम पंप गाडीच्या लांबीभर पेट्रोल ओढून आणतो. ओढतो म्हणजे त्या नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी, आणि दाब कमी म्हणजे उत्कलनबिंदू कमी. हे आपण व्हायवात घडाघडा म्हणतो. पेट्रोल हे मिश्रण; त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात आणि जड घटक पार २०० च्या आसपास. ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की रेडिएटरमधून वारा जात नाही, बॉनेटखाली भट्टी पेटते, पंपात वाफ होते. डायफ्राम मग पेट्रोल ढकलायच्या ऐवजी वाफच दाबत-सोडत बसतो. कार्बोरेटर कोरडा, गाडी गप्प, मागून हॉर्न सुरू.

टॅक्सीवाल्यांचा उपाय ठरलेला: पंपावर ओलं फडकं. काकासुद्धा बॉनेट उघडलं की आधी म्हणतात, "अरे, फडकं भिजव." मला पूर्वी हा टोटका वाटायचा, पण हिशोब मांडला तर तो चोख निघतो. १०० मिली पाणी पूर्ण उडालं तर सुमारे २४० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या दमट हवेतही हे चालतं, कारण पंपाचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो.

आता कायमच्या दुरुस्तीकडे. सुरुवात होजपासून. आपल्याकडे २०२५ पासून पंपावर ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, शेवटी तडकतं. होज चिमटीत दाबा. लिबलिबीत लागला किंवा सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, तर त्या दिवशी गाडी काढू नका. नवा होज आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारेच मागा. स्वस्तातला काळा पाइप बाहेरून सेम टु सेम दिसतो, पण तो पाण्याचा असतो. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. चाळीच्या चौकात उभ्या गाडीला आग लागली तर ती एकट्या गाडीची राहत नाही.

दुसरं, पंप आणि ब्लॉक यांच्यामधलं उष्णतारोधक पॅकिंग. ते चेपलेलं किंवा गायब असेल तर इंजिनाची उष्णता थेट पंपात जाते. मात्र 'जाड तेवढं चांगलं' म्हणून दोन-तीन पॅकिंग चढवू नका. पंप कॅमपासून लांब गेला की डायफ्रामचा स्ट्रोक कमी होतो आणि पेट्रोलच कमी येतं.

एवढं करूनही त्रास राहिला तर टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. आता पेट्रोल ओढलं न जाता ढकललं जातं, नळीतला दाब वातावरणापेक्षा वर राहतो. पण कार्बोरेटरच्या नीडल व्हॉल्व्हला २ ते ४ पीएसआयच झेपतात. भंगारातून आणलेला इंजेक्शन गाडीचा पंप ४० पीएसआय देतो; तो लावलात तर कार्बोरेटर उतू जाईल. पंपाची वायर ऑइल प्रेशर स्विचच्या रिलेतून न्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. अपघातात याची किंमत कळते.

मग जेट. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई-२० चं गणित साधारण १३.५ वर येतं. नव्या गाडीत सेन्सर ते सांभाळतो, आपल्या सोलेक्सला पत्ताच नसतो. तो पूर्वीइतकंच पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ पडतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते, कार्बोरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो, प्लग पांढरट निघतो. इंधन सुमारे ९ टक्के जास्त हवं, म्हणजे जेटचं क्षेत्रफळ ९ टक्के जास्त, म्हणजे व्यास साधारण साडेचार टक्के. समजा जेटवर ११५ असा नंबर आहे, म्हणजे १.१५ मिमी, तर १२० चा लावून बघायचा. ड्रिलने भोक मोठं करणारे महाभाग आहेत. त्यांच्या नादी लागू नका, जेट बदलूनच घ्या. मग शंभरेक किलोमीटर चालवून प्लग काढा. फिकट तपकिरी असला तर जमलं, काजळी धरली असेल तर एक नंबर खाली या.

राहिला डबल कार्बोरेटर. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उतारावर सलग दाबले की तापतात आणि पेडल असून नसल्यासारखं होतं. शिवाय आरसीवर लिहिलेल्या तपशिलात बदल होईल असा फेरफार मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि पुनर्नोंदणीला आरटीओत बॉनेट उघडावं लागतं. तेव्हा पैसे साठले असतील तर पहिले व्हील सिलिंडर, ब्रेक शू आणि ब्रेकचे होज. काकांच्या गाडीला सध्या तेच काम चालू आहे, मागचं डावं चाक अजून उघडायचंय.