सिंह नसलेल्या भूमीतील सिंह

कार्ले येथील चैत्यगृहासमोरच्या स्तंभावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रणक याचे हे दान. तेथील लेखही त्यास सिंहस्तंभच म्हणतो. परंतु सिंहाचा वावर, ज्ञात नोंदींनुसार, नर्मदेच्या उत्तरेकडचा. सह्याद्रीचा राजा वाघ. मग मावळातल्या डोंगरावर वाघ सोडून सिंह का कोरला गेला?

आम्ही वर्गात हा प्रश्न टाकतो तेव्हा एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, “कारागीर चुकला असेल.” हे उत्तर आम्हांस मान्य नाही. कारागिराने सिंह अरण्यातून आणलाच नव्हता. तो धम्मातून आणला होता. तथागत शाक्यसिंह, त्यांची देशना म्हणजे सिंहनाद. सारनाथला अशोकाने तोच सिंह स्तंभावर चढविला. ज्या वाटेने भिक्खू गेले, त्या वाटेने हा पशूही गेला.

सिंहलद्वीपाचे तर नावच सिंहावरून पडले, आणि ऐतिहासिक काळात त्या बेटावर सिंह नाही! तरी पाचव्या शतकात कश्यप राजाने सिगिरियाच्या कड्यावर सिंहद्वार बांधले. त्याचे दोन प्रचंड पंजे आजही शाबूत आहेत. आपल्यापैकी जे तेथे जातील, त्यांनी पायऱ्या चढण्याआधी त्या नख्यांपाशी घटकाभर थांबावे.

चीनची कथा अधिक रंजक आहे. इ. स. 87 मध्ये पार्थियाहून हान दरबारी सिंह नजराणा म्हणून गेल्याची नोंद तेथील इतिहासग्रंथात आहे. पण असा पशू पाहणारे किती? दरबारी मंडळी. विहाराच्या दारी सिंह घडविणाऱ्या बहुतेक शिल्पकारांपुढे जिवंत प्राणी नव्हता, आधीच्या शिल्पकाराचे काम होते. म्हणून आयाळीचे गोल गोल कुरळे गुच्छ झाले आणि चेहरा हळूहळू कुत्र्याकडे झुकला. कोरियामार्गे जपानला पोहोचल्यावर त्याच्या जोडीदाराचे नावच ‘कोमाइनू’, म्हणजे कोरियाचा कुत्रा, असे पडले. गंमत वाटते खरी. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास हा बिघडलेला चेहरा एखाद्या ताम्रपटाइतकाच मोलाचा, कारण कोणी कोणाकडून शिकले, ते त्यात उमटलेले असते.

सारनाथचे सिंह 26 जानेवारी 1950 रोजी भारताचे राजचिन्ह झाले. आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांवर, खिशातल्या नाण्यांवर ते आहेत. कार्ल्याचे त्यांचे भाऊबंद मात्र सहलीच्या गर्दीत कोणी मान वर करून पाहत नाही. यंदाच्या सहलीत मुलांना आम्ही त्या स्तंभाखाली बसवून चित्र काढावयास सांगणार आहोत.