आधी वर्णन, मग मत : धोरणचर्चेचा एक पाठ

देवनारमध्ये ज्यांचे बालपण गेले, त्यांना टाटा समाजविज्ञान संस्थेचे फाटक परिचयाचे आहे. १९३६ साली नागपाड्यात सुरू झालेली ही संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. निवारा, मजुरी, शिक्षण, पुनर्वसन अशा विषयांवरील परिसंवाद तेव्हापासून आपल्या अंगणाशेजारीच होत आले आहेत. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आपला एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली होता. २०११ मध्ये संस्थेने याच विभागाच्या परिवर्तनाचा प्रकल्प हाती घेतला. आपल्याविषयी बोलणे कधीच कमी झाले नाही. त्या बोलण्यात आपण कोणती तयारी घेऊन बसतो, एवढाच या पाठाचा विषय आहे.

प्रथम आमचीच एक फजिती सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी मुलांच्या खेळाच्या मैदानासंबंधी एका सुनावणीस आम्ही पंधरा-वीस जण गेलो होतो. आवेश होता, घोषणा होत्या, सह्यांचा गठ्ठाही होता. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "आपली हरकत नेमक्या कोणत्या भूखंडाविषयी आहे?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. नकाशा कोणीच पाहिला नव्हता. दहा मिनिटांत आम्ही बाहेर आलो. येताना रेल्वेच्या डब्यात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही.

त्यानंतर आम्ही वसतिगृहातील अभ्यासवर्गात बाबासाहेबांचे एक व्याख्यान वाचावयास घेतले. ते धोरणविषयक संस्थेच्या व्यासपीठावरच झालेले आहे. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक होते. या संस्थेच्या वार्षिक समारंभात, २९ जानेवारी १९३९ रोजी, बाबासाहेबांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य यांच्यातील विरोधावर भाषण केले. योगायोग असा, की त्याच दिवशी काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक होऊन सुभाषबाबूंनी पट्टाभी सीतारामय्यांचा पराभव केला, आणि त्या निवडणुकीच्या वादातही संघराज्याचाच प्रश्न होता. देश तापलेला होता. अशा वेळी सभागृहात टाळ्या मिळविणे अवघड नसते.

बाबासाहेबांनी तो मार्ग घेतला नाही. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना प्रथम त्यांनी श्रोत्यांपुढे उलगडून ठेवली. तिचे विधिमंडळ कसे, कार्यकारी सत्ता कोणाची, न्यायालय कोणते, अधिकारांची वाटणी कशी, हे सारे त्यांनी मांडले. गोलमेज परिषदेच्या संघरचना समितीत ते स्वतः बसलेले होते. तरीही ऐकणाऱ्याला हे ठाऊकच असेल असे त्यांनी धरले नाही. भाषणाचा मोठा भाग या वर्णनातच जातो. आमच्या वर्गातील काही मुले येथे कंटाळली, हेही नमूद करतो.

परंतु या वर्णनातूनच आक्षेप उभे राहतात. कनिष्ठ सभागृहात ३७५ जागा, त्यांपैकी १२५ संस्थानांच्या. वरिष्ठ सभागृहात २६० पैकी १०४. संस्थानांची लोकसंख्या देशाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढी असताना खालच्या सभागृहात त्यांना तिसरा हिस्सा मिळत होता. प्रांतांचे प्रतिनिधी निवडून येणार, संस्थानांचे मात्र राजेमहाराजांनी नेमावयाचे. प्रांतांवर संघराज्य बंधनकारक. संस्थानिकांनी मात्र आपल्या अटी लिहून यावे किंवा येऊच नये. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार गव्हर्नर-जनरलच्या हाती राहणार. हे आकडे आणि ही कलमे शेजारीशेजारी ठेवल्यावर संस्थानी प्रजेचे काय, हा प्रश्न श्रोत्याला आपोआप सुचतो. त्यासाठी वक्त्याला आवाज चढवावा लागत नाही.

त्यानंतर त्यांनी मोजपट्टी लावली. या योजनेने देश एक होतो काय? जबाबदार शासनपद्धती वाढते काय? स्वातंत्र्याकडे जाणारी वाट मोकळी होते की बंद होते? निरनिराळ्या पक्षांना ही योजना कशी दिसते, याचाही त्यांनी विचार केला आणि अखेर प्रतिकूल निर्णय दिला. आमच्या मते या भाषणाचे बळ त्या निर्णयात जेवढे आहे, त्याहून अधिक त्याच्या आधीच्या मांडणीत आहे. योजनेचा कट्टर समर्थकही त्या वर्णनाला खोटे म्हणू शकला नसता. पुढे पुरेशी संस्थाने सामील झालीच नाहीत. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच व्हाइसरॉयांनी संघराज्याची तयारी थांबविली. भाषण मात्र त्याच वर्षी पुस्तिकारूपाने निघाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात ते आजही मिळते. माजी विद्यार्थ्यांनी ते मूळातून वाचावे. सारांश वाचून भागत नाही.

ही रीत देवनारात कशी उपयोगी पडते, हे २०१५ मध्ये आम्ही जवळून पाहिले. त्या फेब्रुवारीत मुंबईच्या २०१४-३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. कायद्याने नागरिकांना हरकती व सूचना नोंदविण्याचा हक्क असतो. शहरभरातून त्या आल्या, चुकांची चर्चा झाली, आणि एप्रिलमध्ये राज्य शासनाने फेरतपासणीचा आदेश दिला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. या वेळी आमच्यातील काही पालकांनी आधी नकाशाचा कागद पसरला, त्यावर गल्ली शोधली, आरक्षणाचा रंग कोणता ते पाहिले, आणि मगच अर्ज लिहावयास घेतला.

वर्गात हीच रीत आम्ही ठेवली आहे. एकदा नववीच्या मुलांनी क्षेपणभूमीचा विषय घेतला. जानेवारी २०१६ मधील आगीचा धूर त्यांच्यातील अनेकांनी अनुभवलेला होता, म्हणून विरोधाचे भाषण अर्ध्या तासात तयार झाले. वर्णनाला मात्र तीन आठवडे लागले. १९२७ पासून तेथे कचरा येत आहे. तो कोण आणतो, कोण वेचतो, कोण विकत घेतो, आणि ती जागा बंद झाली तर कोणाची चूल अडते, हे सर्व लिहावयाचे होते. कचरा वेचणाऱ्या एका मातेला आम्ही वर्गात बोलाविले आणि मुलांनी पहिले पान वाचून दाखविले. माउलीने चार चुका सांगितल्या. मुलांनी त्या दुरुस्त केल्या, पान पुन्हा वाचले, आणि मग मत मांडण्यास आरंभ झाला.