रीसेट दाबण्याआधी

एक्स-रे मशीनच्या कन्सोलवर एरर कोड झळकला की टेक्निशियनचा हात आधी रीसेटकडे जातो. बाहेर पेशंटची रांग, वॉर्डातून फोनवर फोन, घाई होणारच. तरी मशीन दुरुस्तीच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी कोड लिहून घ्या आणि मगच रीसेट दाबा.

तालुक्याच्या गावातल्या एका हॉस्पिटलात मशीन अधूनमधून रोटर फॉल्ट दाखवायचं. हँडस्विच अर्धा दाबला की सेकंद-दीड सेकंदात ट्यूबमधला अॅनोड मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांपर्यंत पोचावा लागतो. तो खरंच फिरतोय का, हे बहुतेक जनरेटर स्टेटरच्या वाइंडिंगमधला करंट मोजून ठरवतात. करंट कमी भरला की एक्स्पोजर अडवतात. माझ्याआधी येऊन गेलेल्या माणसाने कोड वाचून ट्यूब गेल्याचं सांगितलं होतं. नव्या ट्यूबचं कोटेशनही आलं होतं, लाखांतलं.

तिथल्या टेक्निशियनताईंनी मात्र वही ठेवली होती. तारीख, वेळ, कोड, केव्ही, एमएएस, आणि शेवटच्या रकान्यात पेशंट टेबलवर होता की चेस्ट स्टँडपाशी. फॉल्टच्या सगळ्या नोंदी चेस्ट स्टँडच्या! मेन स्विच बंद केला, आतले कपॅसिटर उतरल्याची मीटरने खात्री केली आणि स्टेटरची केबल जनरेटरकडून सोडवली. मीटर ओहमवर लावून ताईंना म्हटलं, ट्यूब सावकाश भिंतीकडे फिरवा. एका ठरावीक कोनात रीडिंग गेलं, सर्किट ओपन. टेबलाकडे वळवली की पुन्हा जोडलेलं. केबल जिथे रोज वाकते, तिथे आवरणाच्या आत एक तार तुटली होती. केबल बदलली, ट्यूब तीच राहिली.

कोडवरून कळतं ते संरक्षण कुठे आडवं आलं, एवढंच. ओव्हरकरंट ट्यूबमधल्या आर्किंगने दिसतो, तसाच हाय-टेन्शन केबलच्या टोकाशी ग्रीस सुकून स्पार्क झाला तरी दिसतो. केव्ही कमी पडल्याचा कोड कमी एमएवर येत नसेल आणि जास्त एमएवर हमखास येत असेल, तर कार्ड बदलण्याआधी लोडवर लाइनचं व्होल्टेज किती खाली बसतं ते पाहावं. दार उघडं, ट्यूब गरम अशा सूचना बिघाडाच्या नसतातच. दार लावायचं, ट्यूब निवू द्यायची. एका कंपनीच्या कोडचा अर्थ दुसरीच्या मशीनला लावू नये, म्हणून आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल खोलीत हवं. एकापाठोपाठ कोड येतात तेव्हा स्क्रीनवर बरेचदा शेवटचा उरतो. लॉग उघडून पहिला बघा, मूळ बहुधा तिथेच सापडतं.

दुसऱ्या एका ठिकाणी काम अडू नये म्हणून रोटरच्या इंटरलॉकला जंपर मारलेला मी पाहिला. अॅनोड थांबलेला आणि सगळा मारा एकाच जागी. टंगस्टन वितळलं आणि चांगली ट्यूब कायमची गेली. कोणीही कितीही आग्रह केला तरी हे होऊ देऊ नका.

आणि पेशंटचं भान ठेवा. एक्स्पोजर मध्येच तुटलं तरी काही डोस त्याला मिळालेला असतो. आधी इमेज बघा, ती वाचता येत असेल तर पुन्हा घेऊ नका. तुटलेल्या एक्स्पोजरचीही नोंद ठेवा. तोच कोड दुसऱ्यांदा आला तर मशीन थांबवा आणि पुढचे पेशंट दुसरीकडे पाठवा, मग ते लहान मूल असो की फ्रॅक्चरचे आजोबा.

सर्व्हिसला फोन कराल तेव्हा मॉडेल, लॉगमधला पहिला कोड, केव्ही, एमए, फोकस लहान की मोठा आणि ट्यूब कोणत्या दिशेला होती हे वाचून दाखवा. कोड प्रेपला आला की एक्स्पोजरला, हेही आवर्जून सांगा. तेवढ्यावरून येणारा माणूस कोणता पार्ट बरोबर घ्यायचा ते निघण्याआधीच ठरवू शकतो.