पॅन अमेरिका एसटी घेऊ का?

प्रश्न : हार्ले-डेव्हिडसनची नवी 'पॅन अमेरिका 1250 एसटी' मनात भरली आहे. लांबच्या प्रवासासाठी ती आमच्या भागात जमेल का?
– एक वाचक, पळसदरी

उत्तर : गाडी मोह पडावा अशीच आहे. 1252 सीसीचं व्ही-ट्विन इंजिन सुमारे 150 अश्वशक्ती देतं. त्यात हायड्रॉलिक टॅपेट असल्यामुळे व्हॉल्व्हचं अंतर वेळोवेळी जुळवून घ्यावं लागत नाही. लांब पल्ल्याच्या माणसाला हे मोठं सुख.

शंका रस्त्याबद्दल घ्या. मूळ पॅन अमेरिकाचं पुढचं चाक 19 इंची. 2025च्या एसटीची दोन्ही चाकं 17 इंची, सस्पेन्शनही बुटकं. गुळगुळीत डांबरावर ती सुरेख वळेल, पण पावसाळ्यात कर्जत-खोपोली रस्त्यावर खड्डे पडले की रिम जपावी लागेल. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, म्हणजे पुण्याला जाताना तुमच्या वाट्याला खोपोलीचा जुना घाटच येणार. तिथे ताकदीपेक्षा तोल महत्त्वाचा, आणि वजन आहे जवळपास 245 किलो.

2020मध्ये हार्लेने बावलचा कारखाना बंद केला. तेव्हापासून विक्री आणि सेवा हिरो मोटोकॉर्पकडे आहे. म्हणून बुकिंगआधी सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे लेखी घ्या. सामान लादून, मागे माणूस बसवून चढावर चालवून पाहा. तुमचा निम्मा प्रवास गावातल्या रस्त्यांवर होणार असेल, तर 19 इंची पॅन अमेरिकाच घ्या.