प्रतिपिंडांची साक्ष

चेन्नईतील गिंडी येथे किंग प्रतिबंधक वैद्यक व संशोधन संस्था आहे. १८९९ साली लसीचे आगार म्हणून आरंभ झालेल्या या संस्थेत डेंग्यूच्या संशयित रुग्णांचे रक्तनमुने तपासले जातात. ज्या मद्रासमध्ये १७८० सालीच डेंग्यूसदृश तापाची साथ नोंदली गेली, तेथे हे कार्य चालावे हे यथोचितच होय.

विषाणू शरीरात शिरला म्हणजे त्याचा प्रतिकार करणारी विशिष्ट प्रथिने रक्तात निर्माण होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. डेंग्यूच्या निदानात आयजीएम व आयजीजी हे त्यांचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. ज्याला हा रोग पूर्वी झालेला नाही, त्याच्या रक्तात तापाच्या सुमारे पाचव्या दिवसापासून आयजीएम आढळू लागते आणि काही महिन्यांत ते ओसरते. आयजीजी मागाहून, अल्प प्रमाणात प्रकट होते. परंतु ते वर्षानुवर्षे टिकते.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाचा संसर्ग होऊन गेल्यावर त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. इतरांपासून मात्र ते थोडे महिनेच लाभते. पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले, की शरीराची जुनी स्मृती जागी होते. आयजीजी पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने वाढते, तर आयजीएम बेताचेच राहते. क्वचित ते आढळतही नाही. शिवाय जुनी प्रतिपिंडे नव्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट पेशींत शिरण्यास त्याला साहाय्यच करतात, असे मानले जाते. क्यूबामध्ये १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली व १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची. या दुसऱ्या साथीत गंभीर आजार प्रामुख्याने पूर्वी संसर्ग झालेल्यांनाच जडला.

परीक्षेची रीत अशी: खळग्यांच्या तबकडीवर रुग्णाच्या रक्तरसातील आयजीएम पकडून ठेवतात, त्यावर डेंग्यूचे प्रतिजन घालतात व शेवटी रंग उमटतो की नाही ते पाहतात. तथापि रंग उमटला नाही म्हणून डेंग्यू नाही, असे म्हणता येत नाही. तिसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तात आयजीएम तयारच झालेले नसेल. त्या वेळी विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन शोधणे इष्ट ठरते. याउलट, जपानी मेंदूज्वराच्या विषाणूशी असलेल्या साधर्म्यामुळे कधी खोटा होकारही मिळतो. म्हणून नमुन्यासोबत ताप कितव्या दिवसाचा आहे, हे लिहिणे अगत्याचे असते. शंका उरल्यास काही दिवसांनी दुसरा नमुना घेऊन प्रतिपिंडांची वाढ पाहतात.

ताप उतरू लागल्यावरच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा धोका अधिक असतो. तेव्हा परीक्षेचा नकार आणि उतरलेला ताप, या दोहोंवर विसंबून रुग्णावरील लक्ष ढळू देणे घातक ठरते.