जुन्या पॅनेलमध्ये नवा टायमर बसवताना

प्रश्न : आमच्या घरात वीज क्षेत्रातलं कुणी नाही, पण तारापूर जवळ असल्याने कुतूहल आहे. इतक्या जुन्या अणुवीज केंद्रातला एखादा टायमर किंवा रिले बिघडला आणि मूळ कंपनीने तो बनवणं बंद केलेलं असलं, तर बाजारातला चांगला नवा आणून लावायला अडचण कसली? आणि मोबाइलमुळे अणुभट्टी बंद पडते का, असं मुलगी विचारते आहे.
— एक वाचक, बोईसर

उत्तर : तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ साली व्यावसायिक वीज देऊ लागली. त्या पिढीतली जगभरची केंद्रं ज्या रिलेंवर आणि टायमरवर उभी राहिली, त्यांतले अनेक आता बनतच नाहीत. बदली भाग शोधावाच लागतो, आणि तो चांगलाही मिळतो. प्रश्न येतो तो हा भाग ज्या पॅनेलमध्ये बसणार तिथल्या शेजाऱ्यांचा.

जुना रिले म्हणजे एक कॉइल, लोखंडाची पट्टी, स्प्रिंग आणि संपर्क. १२५ व्होल्ट डीसी मिळाल्यावर पट्टी ओढली जायला काही मिलिसेकंद लागतात. तारेतून नॅनोसेकंदभराचा झटका गेला तर पट्टीला तो जाणवतही नाही. त्याच्या जागी येणाऱ्या नव्या टायमरमध्ये मायक्रोप्रोसेसर असतो. तो तीन-साडेतीन व्होल्टवर चालतो आणि नॅनोसेकंदांतच ‘शून्य’ की ‘एक’ हे ठरवतो. जुन्याला जो खुळखुळाट ऐकू येत नव्हता, तो नव्याला हुकूम वाटू शकतो. शिवाय त्याचा स्विचिंग पॉवर सप्लाय आणि घड्याळ-स्पंद स्वतःही रेडिओ लहरी सोडतात. जुना रिले असं सतत काही सोडत नसे. म्हणून चाचणी दोन्ही बाजूंनी करावी लागते : हा भाग काय सहन करतो, आणि इतरांना किती त्रास देतो. यालाच विद्युतचुंबकीय सुसंगतता, म्हणजे ईएमसी चाचणी म्हणतात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर व्हॅली केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये नोव्हेंबर १९९३ मध्ये घडलेलं प्रकरण यासाठी फार बोलकं आहे. बाहेरची वीज गेली की अशा केंद्रात डिझेल जनरेटर सुरू होतात. सगळे पंप एकदम जोडले तर जनरेटर बसेल, म्हणून सीक्वेन्सर नावाची यंत्रणा ठरलेल्या सेकंदांनी एकेक भार जोडत जाते. तिथल्या सीक्वेन्सरमध्ये मायक्रोप्रोसेसरवर चालणारे टायमर-रिले होते, आणि ते चाचणीच्या वेळी नापास झाले. अशा यंत्रणेचे दोन संच असतात; एका संचातले झाले, पाठोपाठ दुसऱ्या संचातलेही.

कारण बाहेरून आलेलं नव्हतं. प्रत्येक टायमर आपल्या संपर्काने एका साध्या सहायक रिलेची कॉइल चालू-बंद करत होता. कॉइलमध्ये चुंबकीय ऊर्जा साठलेली असते. संपर्क उघडला तरी प्रवाह थांबायला तयार नसतो, त्यामुळे त्या बारीक फटीत व्होल्टेज चढतं, ठिणगी पडते, विझते, फट रुंदावताना पुन्हा पडते. क्षणार्धात ठिणग्यांची सर बरसते. त्या गोंगाटाने टायमरचा मायक्रोप्रोसेसर कोलमडला. उपाय निघाला तो कॉइलला समांतर डायोड जोडण्याचा, म्हणजे काही रुपयांच्या वस्तूचा.

मला यात सर्वांत गंभीर वाटतं ते दोन्ही संच एकाच कारणाने पडणं. अणुवीज केंद्राची सुरक्षितता ‘एक गेला तर दुसरा आहे’ या भरवशावर उभी असते. दोन्हीकडे तोच टायमर, तीच कॉइल आणि तोच गोंगाट असेल, तर दुसरा संच असून उपयोग नाही. म्हणूनच एका टायमरसाठी महिनोन्‌महिने चाचण्या चालतात, आणि त्या चालायलाच हव्यात.

चाचणीत काय होतं? भिंतींवर कार्बनमिश्रित फोमचे सुळके लावलेली, बाहेरच्या लहरी आत न येऊ देणारी खोली असते. मधल्या टेबलावर समजा दाबमापक ट्रान्समीटर आहे, ४ ते २० मिलिअँपिअरचा. समोरच्या अँटेनातून दर मीटर अंतराला १० व्होल्ट तीव्रतेचं क्षेत्र सोडतात आणि वारंवारता हळूहळू, टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. प्रत्येक टप्प्यावर थांबून मीटर बघायचा. आकडा १२.० वर स्थिर आहे, आणि एका विशिष्ट वारंवारतेला तो १२.४ होतो. धूर नाही, वास नाही, दिवा लागलेला नाही. क्षेत्र बंद केलं की पुन्हा १२.०. पण ०.४ मिलिअँपिअर म्हणजे पूर्ण पट्टीच्या अडीच टक्के. तेवढ्याने कमी दाबाचा इशारा उशिरा लागत असेल, तर तो ट्रान्समीटर नापास. त्यानंतर वीजतारांवर वेगवान झटक्यांचा मारा, विजेच्या लोळाने येतात तसे सर्ज आणि बोटातून उडणारी स्थिर वीज, हे सगळं असतंच.

१० व्होल्ट प्रति मीटर हा आकडा अमेरिकी नियामकाच्या ‘१.१८०’ या मार्गदर्शिकेतला. ती २००० साली आली, आणि तिच्यामागे ओक रिज प्रयोगशाळेने चालू केंद्रांत जाऊन घेतलेली मोजमापं होती. घरगुती उपकरणांसाठीच्या सर्वसाधारण मानकात हीच पातळी ३ आहे. बाजारातल्या वस्तूवरचा शिक्का खरा असला तरी तो वेगळ्या जागेसाठी असतो.

आता मुलीचा प्रश्न. हातातल्या वायरलेस संचांमुळे केंद्रातली यंत्रणा नको तेव्हा कार्यान्वित झाल्याचं अमेरिकी नियामकाने १९८३ सालीच सर्व केंद्रांना कळवलं होतं. म्हणजे लहरींमुळे भट्टी नाहक बंद होणं शक्य आहे. म्हणून सुरक्षेच्या उपकरणांजवळ क्षेत्र ४ व्होल्ट प्रति मीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं त्याच मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. हिशेब तिलाही करता येईल : शक्तीला (वॅटमध्ये) ३० ने गुणा, वर्गमूळ काढा, ४ ने भागा. ५ वॅटच्या वॉकीटॉकीला सुमारे ३ मीटर, आणि २ वॅट कमाल शक्तीच्या जुन्या जीएसएम फोनला जवळजवळ २ मीटर अंतर लागतं. हा हिशेब साध्या अँटेनाचा.

प्रकाशही विद्युतचुंबकीय लहरच, हेही तिला सांगा. १९९७ साली कनेक्टिकटमधल्या हॅडम नेक केंद्राच्या नियंत्रण कक्षात कुणीतरी अग्निशमन यंत्रणेच्या उघड्या पॅनेलचा फ्लॅश लावून फोटो काढला. आतल्या चिपवर तो प्रकाश पडला, आग विझवणारा हॅलॉन वायू सुटला आणि कक्ष रिकामा करावा लागला.

एकदा पास झालेला भाग कायमचा पास नसतो. चाचणीत केबलचं कवच दोन्ही टोकांना जमिनीशी जोडलं असेल आणि पॅनेलमध्ये एकाच टोकाला, तर अहवालाला अर्थ उरत नाही. कंपनी तोच मॉडेल क्रमांक ठेवून आतली चिप बदलते, कधी सॉफ्टवेअर बदलते, आणि ग्राहकाला कळवतेच असं नाही. त्यामुळे खरेदी करणाऱ्या अभियंत्याने आतल्या सर्किट बोर्डाचा आवृत्ती क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी ताडून पाहायचा असतो, आणि जुळला नाही तर तो भाग पुन्हा त्या फोमच्या खोलीत पाठवायचा असतो.