पाऊण तास आणि उरलेला आठवडा

“ओटी म्हणजे ऑपरेशन का हो म्याडम?” पाटी वाचून आत आलेले पालक अजूनही विचारतात. नागपूरच्या मेडिकलमधून ऑक्युपेशनल थेरपी शिकून बाहेर पडल्यापासून माझे आठवड्याचे तीन दिवस अमरावतीत जातात, दोन अकोल्यात, आणि मधला वेळ बडनेरा-मूर्तिजापूरच्या गाडीत. ऑपरेशन नाही, औषधही नाही. अंघोळ, जेवण, कपडे, वही, खेळ हे रोजचं मुलाला जमावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. मूल माझ्याकडे आठवड्यातून पाऊण तास असतं. बाकी आठवडा घरचा.

१. हट्टी म्हणण्याआधी कॉलर बघा.

सात वर्षांचा मुलगा. नखं कापताना, डोक्यावर पाणी घेताना घर डोक्यावर घ्यायचा. न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवरच आडवा पडायचा. शाळेचा शर्ट घातला की मान वाकडी. मी कॉलर उलटी केली, आतलं लेबल टोचत होतं. कात्रीने ते काढलं तर शिवणीचा दोरा राहिला, तोही टोचला. चिमट्याने एकेक धागा ओढून काढला तेव्हा कुठे मान सरळ झाली. त्याची आई खुर्चीत बसून रडायला लागली. “मी याच्यासाठी त्याला मारलं हो ताई.”

स्पर्श, तोल, सांध्या-स्नायूंची जाणीव हे सगळं मेंदूत नीट जुळलं नाही तर शिकणंही अडतं, अशी मांडणी अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९७२ च्या पुस्तकात केली. त्याच देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये बजावलं की याला स्वतंत्र आजाराचं नाव द्यायची घाई नको. मागे ऑटिझम, एडीएचडी, चिंता असं काही आहे का ते आधी बघा. मला दोन्ही पटतं. लेबल शर्टाचं काढायचं आणि मुलाला दुसरं चिकटवायचं, हे काही खरं नाही.

२. आजीला विचारा.

सुरुवातीला मी मोठ्या हौसेने रंगीत तांदळाचा टब ठेवला होता. ज्या मुलांना हाताला काही लागलेलं चालत नाही, त्यांनी त्यात हात घालायचा. दर्यापूरकडच्या एका आजीने टबाकडे पाहिलं आणि म्हणाली, “तांदळाची नासाडी कायले करता बापा? आमच्या घरी सरकीचं पोतं हाये.”

सरकी! ढोरांना खाऊ घालतात तीच. वरून मऊ कापसाची लव, आत टणक दाणा; एकाच मुठीत दोन स्पर्श. तांदूळ हातातून निसटतो, सरकी जरा धरून ठेवते. आजीच्या नातीने आधी कोपर टेकवलं, मग मनगट, आठेक दिवसांनी बोटं. आजी तळाशी चिंचोके लपवायची आणि नात ते शोधायची. मी सांगून हे झालं नसतं.

पथ्यं मात्र पाळा. पेरणीचं बियाणं अजिबात नाही, त्याला विष लावलेलं असतं. दमा असलेल्या मुलाला सरकीची धूळ नको. आणि समोर मोठं माणूस बसलेलं हवं. माझ्याच टेबलावर एकदा, मी फोन घ्यायला वळले तेवढ्यात, तुरीचा दाणा एका पोराच्या नाकात गेला. संध्याकाळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेली.

३. आधी डोळे तपासून या.

हा धडा मला लाज वाटावी असा आहे. एक मुलगी वाचताना ओळ सोडायची, फळ्यावरून उतरवताना शब्द गाळायची. शाळेने लिहून दिलं, ‘लक्ष नाही’. मी तीन महिने लक्षावर काम केलं. मग नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं की एक डोळा आळशी आहे, म्हणजे मेंदू त्याचं ऐकतच नाही. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्याला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच पुरते, हे २००३ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. पण किती तास ते डॉक्टरच ठरवणार. आता माझ्या पहिल्या कागदावर पहिला प्रश्न हाच असतो: डोळे आणि कान कधी तपासले?

दुसरा प्रकार, जवळ बघताना दोन्ही डोळे नीट आत न वळण्याचा. त्याला व्यायाम लागू पडतो. सुतळीत तीन रंगीत मणी ओवायचे, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाशी, आणि एकेका मण्यावर नजर थांबवायची. २००८ च्या अमेरिकेतल्या चाचणीत क्लिनिकमध्ये दर आठवड्याला आणि शिवाय घरीही, असा बारा आठवड्यांचा सराव नुसत्या घरच्या पेन्सिल-व्यायामापेक्षा सरस ठरला. पण २०१९ च्या पुढच्या चाचणीत डोळे सुधारले तरी वाचून समजणं, तुलनेसाठी खोटी थेरपी दिलेल्या मुलांपेक्षा जास्त वाढलं नाही. म्हणून ‘डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया जाईल’ असं सांगून कोणी पॅकेज विकत असेल, तर पैसे खिशात ठेवा आणि वाचन शिकवणारी चांगली बाई शोधा.

४. आवाजाची सवय जबरदस्तीने लागत नाही.

अकोल्यात श्रावणातला शेवटचा सोमवार म्हणजे कावड. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी राजराजेश्वराला, ढोलांच्या दणक्यात. एका मुलाचं घर त्याच रस्त्यावर. वडील म्हणाले, “खांद्यावर घेऊन उभा राहतो, भीती मोडेल.” मी हात जोडले. पहिल्या वर्षी त्याला मामाकडे पाठवलं. पुढच्या वर्षी आधीचे दोन महिने मोबाइलवर ढोल, अगदी हळू, बटण त्याच्याच हातात. सोमवारी तो गच्चीवर कान दाबून बसला आणि कावडीचे भरणे, म्हणजे पाण्याचे घडे, मोजत राहिला. सत्तावीसला चुकला, म्हणून चिडला.

५. मे महिन्यात गोधडी नको, कूलर भरा.

अंगावर वजन, दाब आला की काही मुलं शांत होतात. पुस्तकात त्यासाठी जड पांघरूण असतं. पंचेचाळीस डिग्रीत? आमच्याकडे मुलं अर्धी बादली उचलून कूलरमध्ये पाणी ओततात. जोर लागतो, काम होतं, वर शाबासकी. भिंतींना धडका देणाऱ्या एका पोराला मी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात दोरीचा मल्लखांब बघायला न्यायला सांगितलं. १९१४ ची संस्था, १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये आपले खेळ दाखवून आलेली. मल्लखांब ही थेरपी आहे, असा दावा मी करणार नाही. पण ते पोरगं दोरीवरून उतरायला तयार नव्हतं.

६. कागद करून ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता त्यात येतात, नुसता ‘स्पर्श सहन होत नाही’ येत नाही. ऑटिझमचं प्रमाणपत्र असेल तर ‘निरामय’ या सरकारी आरोग्यविम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा. अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं की मुलाला घरी ठेवू नका.

७. प्रगती मोजायची तर पट्टी घरची घ्या.

मघाच्या त्या कॉलरवाल्या मुलाच्या आईने परवा फोटो पाठवला. न्हाव्याला आधी सांगून ठेवलं होतं: मशीन बंद, फक्त कात्री, मानेवर घरचा जुना पंचा. अर्धं डोकं होईपर्यंत तो बसला. मग उठला, “बस,” म्हणाला आणि पंचा घेऊन बाहेर आला. फोटोत डावीकडे केस आहेत, उजवीकडे नाहीत, आणि पोरगं हसतंय. उरलेलं रविवारी.